विसाव्यावरचा शब्द

वळणे हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो, ते आपल्या ध्यानातही येत नाही. बायका लाडू वळतात, वाती वळतात. पोरं गुरं वळतात. रस्ता वळतो, एसटी वळते, बोलता बोलता गोष्ट भलतीकडे वळते. आमच्या गावात एकच माणूस असा आहे, जो हा शब्द एरवी तोंडातून काढत नाही. त्याच्या घरी लाडू बांधतात, गाडी फिरवतात, गुरं हाकतात. त्याचं नाव गोकुळ.

मी काही लिहिणारा नव्हे. चिखलीच्या एका कचेरीत नकला करण्यात माझी नोकरी गेली. दुसऱ्यानं लिहिलेलंच लिहीत आलो. हे नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. पण गोकुळबद्दल कोणीतरी लिहून ठेवायला हवं असं वाटतं.

जानेफळपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. गोकुळ बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणतो. बांबू आणि सुतळी हातातली, म्हणून गावात कोणी गेलं की तिरडी बांधायला तोच. अशी तीस वर्षं झाली. त्या घरी तो चहासुद्धा घेत नाही. लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसणारा हा माणूस. पण मरणाच्या दिवशी सगळं गाव त्याचं ऐकतं.

आमच्याकडे तिरडी घरून निघते ती डोकं पुढे, पाय मागे. म्हणजे गेलेल्याचं तोंड घराकडे राहतं. अर्ध्या वाटेवर निंबाखाली विसाव्याचा ओटा आहे. तिथे तिरडी टेकवतात, शेवटचं पाहून तोंड झाकतात. झाकलेलं तोंड पुन्हा उघडायचं नाही. मग गोकुळ म्हणतो, "वळवा." चौघं तिरडी फिरवतात आणि पुढची वाट गेलेला माणूस स्मशानाकडे तोंड करून जातो. तो शब्द एकदाच म्हणायचा, आणि तो गोकुळनेच.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात शालूबाई गेली. तिचा मुलगा उद्धव शाळेत मास्तर आहे. घरात तो आणि त्याची बायको रेवती. शालूबाईचे भाऊ मोताळ्याहून निघाले होते, पण त्यांची जीप वाटेत बंद पडली. ऊन चढत होतं, थांबता येईना. विसाव्यावर गोकुळने शब्द उच्चारला, तिरडी वळली, आणि तो हातपंपावर पाणी प्यायला गेला. तेवढ्यात जीप आली. भाऊ रडत उतरले. माहेरची माणसं म्हणून आमचे खांदेकरी बाजूला झाले. थोरला भाऊ डोळे पुसत म्हणाला, "चला, वळवा." त्यांनी तिरडी पुन्हा फिरवली.

मी मागे उभा होतो. मला दिसलं. पण रडणाऱ्या माणसांना टोकायचं कसं, आणि कदाचित माझंच चुकत असेल, या विचारात मी राहिलो. तिरडी निघूनही गेली.

गोकुळला ते स्मशानात उतरवताना कळलं. सुतळीची शेवटची गाठ तो नेहमी पायाकडे मारतो. ती मागच्या बाजूला होती. म्हणजे शालूबाई सबंध वाट घराकडे पाहत आली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

तेराव्यानंतर उद्धवने मला घरी बोलावलं. "काका, हसू नका," तो म्हणाला. शालूबाईच्या चपला कोणाला तरी द्यायच्या म्हणून दाराबाहेर ठेवल्या होत्या, टाचा घराकडे करून. रोज सकाळी त्या उलट्या दिसत, टाचा रस्त्याकडे. जसं कोणी आत आलं आणि बाहेर पडलं नाही. रेवतीने त्या गोठ्यात नेऊन ठेवल्या. दुपारी पुन्हा दाराशी.

"मांजर असंन," मी म्हणालो.

"मांजर जोडीनं ठेवते का, काका?" रेवती आतून म्हणाली. "अन् राख कुठून आणते?"

तिने चपला पुढे केल्या. तळाला पांढरी राख होती, ताजी.

"येत्या सोमवारच्या एसटीनं मी माहेरी जाऊन राह्यली," ती नवऱ्याला म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईले राहू द्या घरात. दोघींचं नाही जमणार." उद्धव नुसता चपलांकडे पाहत बसला.

मी तिथून गोकुळकडे गेलो. तो बाज विणत होता. मी सांगत होतो तोवर त्याचे हात चालू होते, मग थांबले.

"भाऊ, हे सांगतलं त मले पुन्हा कोणी बोलावणार नाही. जल्मात येवढी एकच गोष्ट मले जमली."

"चूक माझी आहे, गोकुळ. मी पाहिलं होतं."

"तुमची कायची? गाठ माही, शब्द माहा." बराच वेळ तो सुतळीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "बाई बिचारी रोज येऊन राह्यली, भाऊ. तिले पुढची वाट दिसलीच नाही."

रविवारी उद्धवच्या ओट्यावर गोकुळने सगळं सांगितलं. शेजारीपाजारी ऐकत होते. शेजारचा धम्मरत्न जीप चालवतो, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तो म्हणाला, "मंग आता काय? म्हातारीले दुसऱ्यांदा नेतं का?"

"हाव," गोकुळ म्हणाला.

भर दुपारी आम्ही निघालो. रिकामी तिरडी, तिच्यावर शालूबाईचं लुगडं आणि त्या चपला. पुढे गोकुळ आणि उद्धव, मागे मी आणि धम्मरत्न. दारातून उचलली तेव्हा वजन दोन बांबूंचं.

"याले चार खांदे कायले?" धम्मरत्न म्हणाला. "मी एकटा बगलेत नेतो."

शाळेपर्यंत त्याने एकदा खांदा बदलला. पिठाच्या गिरणीपाशी दुसऱ्यांदा. माझ्या खांद्यात कळ आली. म्हातारा झालो म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण उद्धवची मान घामाने भिजली होती, आणि बांबू करकरत होते. विसाव्यावर टेकवली तेव्हा ओट्यावरची धूळ बाजूला उडाली.

"गोकुळदादा," धम्मरत्न हळू आवाजात म्हणाला, "आपून रिकामीच आणली ना?"

गोकुळ तिरडीच्या उशाशी उभा राहिला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. निंबाचं पानही हलत नव्हतं. उद्धवने माझा हात धरला.

"वळवा," गोकुळ म्हणाला.

आम्ही वळवली. उचलून चालू लागलो. ओझं तेवढंच होतं, पण आता ते मागे ओढत नव्हतं. आमची पावलं आपसूक भराभर पडत होती. स्मशानात सगळं पेटवलं. दोन बांबू, एक लुगडं आणि चपला जळायला किती वेळ लागावा? सूर्य कलला तरी जाळ उभाच होता.

सोमवारची एसटी रेवतीशिवाय गेली.

पण गोकुळला वाटलं होतं तसंच झालं. त्याच वर्षी श्रावणात गावातली अंबूबाई गेली, तेव्हा त्याला कोणी बोलावलं नाही. तिरडी दुसऱ्यांनीच बांधली. मी त्याच्या दारावरून गेलो, तर तो विणायची बाज पुढ्यात घेऊन नुसता बसला होता.

विसाव्यावर तिरडी टेकवली, तोंड झाकलं. खांदेकरी बदलताना गर्दीत काही हालचाल झाली आणि मग दोघं म्हणाले वळवली, दोघं म्हणाले नाही. फुलांखाली डोकं कुठे, पाय कुठे, कळेना. झाकलेलं उघडायचं नव्हतं. कोणाच्याही तोंडातून तो शब्द निघेना. सगळ्यांना शालूबाई आठवत होती.

"थांबा," उद्धव म्हणाला आणि गावाकडे धावत गेला.

गोकुळ आला, अनवाणी. कोणाला काही विचारलं नाही. ओट्याशी गुडघे टेकून तिरडीवर वाकला आणि एखाद्या झोपलेल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "अंबूमाय, घर दिसून राह्यलं का अजून?"

आम्ही सगळे उभे. त्याने कान खाली नेला, आणि तसाच राहिला. मी दोन हातांवर होतो, मला काही ऐकू आलं नाही. मग त्याने होकाराची मान हलवली, जशी आपण कोणाचं बोलणं ऐकून हलवतो. उठला.

"वळवा," तो म्हणाला, आणि चौघंजण पुढे झाले.