तोट्यातली माणसं

समस्त गावकरी, पाव्हणेरावळे आणि एसटीच्या थांब्याखाली झोपणारी कुत्री यांना कळवण्यात येतं की, आमचं गाव तोट्यात निघालं आहे. कुणी हसू नये. खुद्द साहेबांनी सांगितलं आहे.

सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. बारामतीच्या एसटी ऑफिसात, अम्माचा दंड धरून उभी. अम्मा म्हणजे माझी आई. रक्त धुवायला, म्हणजे डायलिसिसला, तिला इंदापूरकडच्या आमच्या गावातून बारामतीच्या दवाखान्यात न्यावं लागे, आठवड्यातून दोनदा, सकाळच्या गाडीनं. ती गाडीच बंद झाली. का, ते विचारायला गेलो होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कुणी म्हणालं नाही. मोबाइलमधून मान वर न काढता साहेब म्हणाले,

"मावशी, दोन म्हाताऱ्या न् एक बांगड्यांची पाटी. एवढ्यासाठी सरकारनं डिझेल जाळायचं? तोट्यातली माणसं तुम्ही."

पाटी माझी. शेजारचा कारकून फिस्सकन हसला.

आणि अम्मानं हात जोडले. "चुकलं, साहेब. माणसं गोळा करून आणते."

तिला खरंच वाटलं, चूक आमची. लग्नाचं आवतण द्यावं तशी ती दारोदार फिरली. "उद्या गाडीत बसा गं. कुठंबी जावा, पर बसा."

काय वरात जमली म्हणून सांगू! ठेवणीतली लुगडी, पावडर थापलेली पोरं. शेजारचे तात्या तर कोंबडा काखेत मारून आले. "ह्याचंबी अर्धं तिकीट काढतो!" अम्मा पोट धरून हसली. ऊन डोक्यावर आलं. कोंबडा झोपला. गाडी आली नाही.

मग अम्मा कधी उसाच्या ट्रॅक्टरवर, कधी कुणाच्या जीपमध्ये मागं, पेंडीच्या पोत्यावर बसून गेली. काही मिळालं नाही, तर गेली नाही. अंग सुजत गेलं. एका पावसाळ्यात अम्मा वारली.

गावात बाया अजून म्हणतात, "गाडीच्या टायमाला ये." गाडी नाही, टाइम आहे. त्या टायमाला माझ्या दारात अम्माच्या चपला वाजतात.

परवा गावात सभा झाली. साहेब दुसरे, शब्द तोच. तोटा. माझे हात आपोआप जुळायला निघाले. मी ते सोडवले आणि उठले.

"साहेब, ह्या डांबरी रस्त्यानं काल काय कमावलं? त्योबी तोट्यातच हाय. उखडून नेता का? रस्ता सरकार पोसतं, तशी गाडीबी सरकारनंच पोसायची. भरल्याली असू दे, न्हायतर रिकामी."

"मावशी, खाली बसा."

"बसायला गाडी पाठवा."

गाडी येईस्तोवर मी उभीच राहणार आहे. प्रत्येक सभेत, प्रत्येक ऑफिसात. हात न जोडता.

साहेब कागद आवरायला लागले. तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. उसाचा ट्रक असणार. पण मागं पेंगत बसलेले तात्या दचकून उठले, पिशवी काखेत मारली आणि ओरडले,

"अगं, अम्माला हाक मारा, गाडी आली!"