सत्यवतीचा पलीकडचा किनारा

आरोंद्याची सत्यवती बांद्याच्या बाजारात मासे विकायला बसायची. बाजार उठला की उरलेले बांगडे घेऊन ती विनीताच्या दुकानात जायची. विनीता पेठेत कॉम्प्युटरवर तिकिटं काढून द्यायची. मासे घेण्याआधी ती सत्यवतीला पंख्याखाली बसवून पाणी द्यायची. २००९च्या हिवाळ्यात असंच पाणी पिताना सत्यवतीला समोरच्या भिंतीवर एक नवं चित्र दिसलं. उघडे तांबूस डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं आणि पुढे निळा, निवांत दर्या.

"ह्यो दर्या खंयचो गो?"

"आपलोच, काकी. पलीकडचो. दुबयक उतरान मोटारीन जावचा लागता. खोरफक्कान म्हणतत त्या गावाक."

सत्यवतीच्या हातातला पेला तसाच राहिला. ती घरं तिला ओळखीची वाटली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा परशुराम एकटाच होडी घेऊन गेला, इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने होडी पश्चिमेला ओढून नेली. शोधायला गेलेल्या होड्या रिकाम्या परतल्या. शेजारणी हळू आवाजात बोलू लागल्या. सत्यवती मात्र तेरेखोल खाडीच्या मुखाशी वाळूत बसून राहिली आणि मनातल्या मनात एक गोष्ट रचू लागली. होडी पलीकडे लागली आहे. तिथे पांढऱ्या भिंतींचं एक घर आहे. घरातल्या बाईने त्याला आत घेतलं आहे, कोरडी लुंगी दिली आहे, पेज वाढली आहे. आता तो भिंतीच्या सावलीत झोपला आहे. गोष्ट इतकी खरी झाली की त्याच्या कपाळावरून सरकणारी सावलीसुद्धा तिला दिसायची.

चौथ्या दिवशी गोव्याच्या एका ट्रॉलरने त्याला आणून सोडलं. ओठ फुटलेले, आवाज गेलेला. त्या दिवसांबद्दल तो कधीच काही बोलला नाही. पुढे त्याने खाडीतच जाळं टाकलं, किनारा नजरेआड होऊ दिला नाही. सत्यवतीचा संसार झाला, मुली नांदायला गेल्या. पण ते घर तिच्या मनातून गेलं नाही. भाताचा तरवा लावताना, मासे कापताना ती मध्येच तिकडे जाऊन यायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मात्र तिने परशुरामाला सगळं सांगितलं. तो अंगणात बसून जाळं सांधत होता.

"ता घर माका बघूचा आसा," ती म्हणाली.

"माका थंय कोणी पेज वाढूक नाय," परशुराम खाली बघतच म्हणाला. "थंय नुसता पाणी होता."

"तुमका पाणी दिसला. माका घर दिसला."

त्याने जाळं गुंडाळून ठेवलं आणि तो घरात गेला. आठवडाभर त्याने हा विषय काढला नाही. मग एका सकाळी स्वतःच म्हणाला, "तुका एकटी कशी धाडू? येतंय मी."

पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस घरी आले आणि बातमी वाडीभर झाली. पासपोर्ट आले तसे दोघे बांद्याला गेले. विनीताने फोटो घेतले, पासपोर्टाची पानं यंत्रावर पालथी घालून त्यांच्या प्रती काढल्या आणि मुंबईच्या एजंटाला पाठवून दिल्या.

"शिक्को कधी मारतले?" सत्यवतीने विचारलं.

"शिक्को नाय, काकी. व्हिसा आता कॉम्प्युटरवर येता. आपण कागदावर छापून घेवचो."

"म्हणजे हवेतसून येतलो?"

"तसाच समजा."

सत्यवतीने तसंच समजून घेतलं. बाजारात गिऱ्हाईक नसलं की ती टोपलीवर हात ठेवून वर बघत बसायची. तिचं नाव आता दर्यावरून कुठेतरी जात असेल, डोंगर ओलांडत असेल, पांढऱ्या घरांवरून वळून पुन्हा इकडे निघालं असेल. गिऱ्हाईकाने दोनदा भाव विचारला की ती दचकून भानावर यायची. घरी तिची तयारी चाललीच होती. सोलं आणि कुळथाची पिठी बांधून झाली, विमानात थंडी वाजते म्हणून धाकट्या मुलीने दोन स्वेटर पाठवले.

आणि मग व्हिसा आला, पण एकट्या परशुरामाचा. सत्यवतीचा आलाच नाही. दिवस जात राहिले. शेवटी तीच म्हणाली, "तुमी जावा. बघून येवा नि माका सांगा."

"एकटो एकदा गेललंय मी," परशुराम म्हणाला. "परत नाय."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळची एसटी धरून बांद्याला जाऊ लागला. दुकानातल्या स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा. विनीता एजंटाला फोन लावायची. "सर, सत्यवतीबाईंच्या अर्जाचं काय झालं, जरा बघता का?" अखेर कळलं की तिच्या पासपोर्टाची प्रत अंधुक गेली होती, त्यात चेहराच ओळखता येत नव्हता. विनीताने ती पुन्हा पाठवली.

पुढल्या सोमवारी दुपारी उत्तर आलं. नेट संथ होतं, कागद पडद्यावर वरून खाली हळूहळू उमटत होता. परशुरामाला त्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. तो स्टुलावरून उठून जवळ आला. आधी चापून विंचरलेले केस दिसले, मग कपाळ, मग कुंकू, मग डोळे.

"ती इली," तो म्हणाला.

छापलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो तसाच बाजारात गेला. सत्यवतीच्या हातांना खवलं लागली होती, म्हणून तिने कागदाला हात लावला नाही. परशुराम तो तिच्यासमोर धरून उभा राहिला आणि ती स्वतःच्या फोटोकडे बघत राहिली.

दुबईतल्या उंच इमारती दोघांनी मोटारीतूनच पाहिल्या. खोरफक्कानला पोचायला संध्याकाळ झाली. पांढरी घरं खरोखरच होती. सत्यवती गल्लीगल्लीतून हळू चालत गेली, एका भिंतीला तिने तळहात लावून पाहिला. भिंत दिवसभराच्या उन्हाने गरम होती. परशुराम तिच्यामागून चालत होता.

पहाटे दोघे वाळूत येऊन बसले. जन्मभर सत्यवतीने सूर्याला दर्यात बुडतानाच पाहिलं होतं. इथे तो दर्यातून वर आला. आधी पाणी तांबडं झालं, मग लाल गोळा निथळत वर सरकला. सत्यवतीने हात जोडले.

"होडयेत असोच दिसा," परशुराम एकदम बोलला. "रोज सकाळी. मी त्येच्याकडे तोंड करून पडान ऱ्हवय. उगवता थंय आपला घर, इतक्याच माका ठावक होता."

सत्यवती त्याच्याकडे वळली.

तो सांगत गेला. पहिल्या दिवशी इंजिन कसं खोललं, पिण्याचं पाणी कधी संपलं, ओठांना लावायला जाळ्यावरचं दंव कसं टिपून घेतलं. आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. एवढं सलग बोलताना सत्यवतीने त्याला कधी ऐकलं नव्हतं. ती सरकून त्याच्या जवळ बसली.

ऊन चढलं. मागे रस्त्यावर मोटारवाल्याने हॉर्न वाजवला. परशुरामाने मागे न बघताच हात वर करून त्याला थांबायची खूण केली.

"मगे?" सत्यवतीने विचारलं.

"मगे दुसरो दिस," तो म्हणाला.