दोघांची जमात

माझ्या जन्माआधीपासून गल्लीतल्या मशिदीत नमाज पढवायचे ते आमचे अब्बा, हाफिज बदरुद्दीन. आणि एका संध्याकाळी लोक रांगेत उभे असताना ते वळून म्हणाले, "माझी वुजू टिकत नाही. लघवीचा थेंब थांबतच नाही. आजपासून माझ्यामागे उभे राहू नका."

कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता! पण नाही. नमाजेआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली वुजू थेंबभर लघवीनंही मोडते, आणि नियम म्हणजे नियम. असा माणूस स्वतःची नमाज पढू शकतो, धडधाकटांची पढवू शकत नाही.

आता माझी नोकरी ऐका, म्हणजे हसाल. अब्बांचा त्रास वाढलेल्या प्रोस्टेटचा, आणि ऑपरेशनमध्ये काढलेल्या, कॅन्सर नसलेल्या अशाच वाढलेल्या प्रोस्टेटचे तुकडे आमच्या प्रयोगशाळेत येतात. ते वाटून मी पेशींच्या आवरणातली चरबी वेगळी काढते. कुठली वाढली, कुठली घटली, सगळं मोजते.

"मग ती चरबी ताळ्यावर आणायचं औषध असेल ना, बेटा?" अब्बांनी विचारलं.

"अजून नाही, अब्बा."

"बरं, बरं," म्हणाले. समजूत माझीच घालत होते. असा संताप आला! आग लागो त्या मोजमापाला. नेहमीच्या गोळ्यांनी चक्कर येऊन ते पडले होते, आणि हृदय इतकं दुबळं की ऑपरेशनसाठी भूल द्यायला डॉक्टर तयार नाहीत.

अब्बा घरातच बसू लागले. जेवण अर्धं टाकायचे. मग एकदा मग्रिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या वेळी लाखेच्या बांगड्या करणारे पाशाचाचा आले.

"हाफिजसाब, माझंही तेच रडगाणं. आपल्या दोघांचे नळ एकाच प्लंबरनं बसवलेत! ज्याला हाच त्रास, त्याची नमाज तर तुम्ही पढवू शकता ना?"

अब्बांनी विचार केला. "शकतो," म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

त्यानंतर रोज मग्रिबला आमच्या अंगणात दोघांची जमात व्हायची, पुढे अब्बा पढवायला, मागे चाचा. अब्बांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. ताटही रिकामं होऊ लागलं.

हिवाळ्यात पाशाचाचांचं ऑपरेशन झालं. ठणठणीत बरे होऊन, खुबानी का मीठा, ते जर्दाळूचं गोड, घेऊन आले. अजान झाली तसे सवयीनं अब्बांच्या मागे उभे राहिले.

अब्बा वळले. "पाशा, थेंब थांबला?"

"थांबला. पण हे आपल्या दोघांतच राहील हो!"

"दोघांत? आणि अल्ला कुठं गेला?" अब्बांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा, मशिदीत जा. जमात चुकेल तुझी."

चाचा चपला हातात घेऊनच बाहेर पडले. रडत होते.

मग्रिबला इमाम मोठ्यानं पढतो, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. अब्बा ओठातल्या ओठात पढले. मी दारात उभी होते. त्यांच्यामागे जाऊन उभं राहावं असं फार वाटलं. पण मलाही ती मुभा नव्हती, कारण मला काहीच झालेलं नव्हतं.