शेवटचं रीळ

भिंतीच्या ओल्या रंगाचा वास आला की मला गुडगावातलं आमचं पहिलं घर आठवतं. खिडकीबाहेर मोहरीची शेतं आणि अर्धवट बांधलेले टॉवर दिसायचे. पुण्याहून बाबा राहायला आले होते. तरुणपणी त्यांनी फिल्म सोसायटीत एक परदेशी सिनेमा पाहिला होता, पण त्याचं शेवटचं रीळ आलंच नव्हतं. सिनेमातली घर सोडून गेलेली आई परत येते का, हे त्यांना कधी कळलंच नाही. आमच्याकडे नुकतंच इंटरनेट आलं होतं, म्हणून सिनेमावेड्यांच्या एका साइटवर मी त्यांचा प्रश्न टाकला. "कोण उत्तर देणार, यार!" नवरा हसला. सकाळी उत्तर आलेलं होतं, सातासमुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईचं. मी ते मराठीत सांगत गेले, "येते, बाबा. दार धाकटी मुलगी उघडते, पण ती आईला ओळखत नाही." बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "तिचे आभार मान. आणि विचार गं, तिकडे आत्ता बर्फ पडतोय का?" काही मिनिटांतच उत्तर आलं, "हो, पडतोय." बाबांनी स्क्रीनवरच्या त्या शब्दांवर बोट ठेवलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. आज मी दिवसभर नेटवर काही ना काही शोधत असते, पण अंगावर तसा काटा पुन्हा आलेला नाही.