बाबांचे सोमवारचे मेल

माझ्या वडिलांनी निधनानंतर पाचव्या वर्षी ईमेल पाठवायला सुरुवात केली. हयातीत त्यांनी साधं पोस्टकार्ड लिहिलं नव्हतं.

यात दोष सर्वस्वी माझा. मी मुळात कमी बोलणारा माणूस. चार दिवस गप्प राहिलो तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पाचव्या दिवशी मंदा, म्हणजे माझी बायको, कपाळाला हात लावून ताप बघते. पण ही गोष्ट आता पोटात मावेनाशी झाली आहे, तेव्हा सांगून टाकतो.

बाबांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही! सात-आठ जण समोरच्या झाडावर रांगेत बसून आमच्याकडे बघत होते (आमच्या कारखान्यात तपासणीवाले बघतात, तसे). अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून वचन द्यायचं असतं. काका म्हणाले, शेत पडीक टाकणार नाही. कावळे ढिम्म. मी म्हणालो, म्हैस विकणार नाही. एका कावळ्याने पाठ फिरवली. असे दोन तास गेले. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, आईला मी माथेरानला नेईन."

वाक्य संपायच्या आत झडप पडली.

त्याचं असं आहे की कळंबच्या आमच्या अंगणातून माथेरानचा डोंगर दिसतो. लग्न होऊन आई घरात आली तेव्हा बाबांनी बोट दाखवून सांगितलं होतं, "या दिवाळीला तुला तिथं नेतो." कुठल्या सालची दिवाळी, ते सांगायचं राहिलं. आईचं पुढचं सगळं आयुष्य त्या डोंगराकडे बघत कपडे वाळत घालण्यात गेलं.

आमच्यात बायका दहाव्याला नदीवर येत नाहीत. घरी आलो तर आई दारात उभी. शिवला का, विचारलं. मी म्हणालो, "लगेच." आईने डोळ्यांना पदर लावला. "बग. कसलीसुद्धा इच्छा मागं ठेवली नाय माझ्या माणसानं."

आता यावर खरं कसं बोलणार? आणि बोललो असतो तर माथेरानला न्यावं लागलं असतं!

मग पाच वर्षं कारणं होती. कधी रजा नाही, कधी पावसात माथेरानची छोटी गाडी बंद, कधी आईचा गुडघा. पण खरं सांगायचं तर मी विसरायचो. आठवलं की लाज वाटायची आणि लाज वाटली की मी मुद्दाम विसरायचो. खालापूरला ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथल्या हिशेबाच्या मॅडमनी एकदा दाखवलं, की आपणच आपल्याला मेल लिहून ठेवायचा, तारीख-वेळ टाकायची, तो त्या दिवशी बरोबर येतो. मी भारावलो. एका बैठकीत बारा मेल लिहिले. दर महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी नऊ. आणि स्वतःला चांगलं ओळखत असल्यामुळे भाषा जरा बाबांच्या वळणाची ठेवली: "गाढवा, तिला माथेरान दाखव. पाय चालतायत तोवर."

कारखान्याच्या पत्त्यावर असलं काही नको, म्हणून घरचा पत्ता वापरला. तो बाबांच्या नावाचा. कारण विजेचा मीटर अजून बाबांच्या नावावर, म्हणून बिलासाठी काढलेला पत्ताही बाबांच्या नावाचा, वर गोल चौकटीत टोपीतला फोटो. आणि आईला फोन घेतला तेव्हा त्यातही मी तोच पत्ता घातला होता, हे मी विसरलो. (विसरलो नसतो, तर असले मेल लिहायची वेळ आली असती का?)

पहिल्या सोमवारी नऊला कारखान्यात माझ्या फोनवर मेल यायचा. मी वाचायचो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाज बाळगायचो आणि पुसून टाकायचो. तिकडे आईच्या फोनवर टोपीवाले बाबा यायचे, गाढवा म्हणायचे आणि जेवणाच्या वेळेला नाहीसे व्हायचे!

तिसऱ्या महिन्यात मंदा म्हणाली, "आई सोमवारी चष्मा लावून, डोक्यावर पदर घेऊन फोनपुढे बसतात. बाजूला चहाचा कप. म्हणतात, ह्यांचं येतंय."

मी एका शहाण्या मुलाने करावं तेच केलं. आईला कर्जतला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या माउलीने दीड महिना माझ्या मेलवर औषध घेतलं.

मग एका सोमवारी सव्वानऊला, मी हातमोजे मोजत असताना, फोन वाजला. बाबांचा मेल. हा मी लिहिलेला नव्हता.

हातमोजे खाली पडले. मी पिंपावर बसलो आणि उघडला.

"तुमी मला कदी गाढव बोलला नाय. म्हणजे ह्ये पोराला हाय. त्याला बोलू नका. तो कामात असतो. मला नाय जायाचं माथेरानला. हितून दिसतंय तेवढं बास."

आईला फोनमध्ये बोलून लिहिता येतं आणि त्या फोनमध्ये पत्ता बाबांचाच आहे, हे लक्षात यायला मला पाच मिनिटं लागली. उठायला आणखी दहा. अर्धी रजा टाकून घरी आलो. आई वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मेल माझे, बाबांचे नाहीत. आणि कावळा लगेच शिवला नव्हता.

आईचा हात थांबला. "किती वेळ?"

"दोन तास."

"दोन तास उपाशी ठेवलंस बापाला?"

"माथेरानचं नाव घेतल्यावर शिवला."

आईने डोंगराकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडणार. तर ती हसली. नव्या नवरीसारखी, पदराआड. "म्हणजे ध्यानात होतं त्यांच्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आनि ह्ये तू पाच वर्षं मला सांगितलं नाय व्हय रं, दत्त्या?"

त्याच रविवारी नेलं. छोटी गाडी, घोडे, चिक्की, सगळं. कड्यावर उभी राहून आईने काय पाहिलं? कळंब! आपलं घर कुठलं, ते शोधण्यात तास घालवला आणि सापडल्यावर म्हणाली, "गच्चीवर गोधडी राहिली वाटतं."

घरी येऊन मी उरलेले सगळे मेल रद्द केले. दोनदा तपासलं. एकही शिल्लक नव्हता.

पुढच्या पहिल्या सोमवारी बरोबर नऊला मेल आला. टोपीवाले बाबा. "गाढवा, तिला आता कोल्हापूर दाखव. अंबाबाई राहिली." घरी विचारलं तर आईने वर छताकडे बोट दाखवलं आणि मंदा घाईने आत गेली. तारीख-वेळ कशी टाकायची, हे मंदाला एकदा मीच कौतुकाने शिकवलं होतं.

आता तिकिटं काढली आहेत. कारण त्या मेलमधलं गाढव कोण, याबद्दल या वेळी घरात कुणालाच शंका नाही.