भांडणात जेवणारी पोर

घर सोडलं तेव्हा माझ्या कडेवर वैशी होती आणि तिच्या दोन्ही गालांवर बोटांचे वळ होते. वळ सासूबाईंच्या बोटांचे. मागे अंगणात सासूबाई स्वतःचं मनगट धरून ओरडत होत्या, मनगटातून रक्त गळत होतं, आणि ते मी काढलं होतं. सासरे पडवीत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "जा. परत या उंबऱ्याला पाय लावू नको."

"नाय लावणार," मी म्हणाले आणि चिखल तुडवत खाली हायवेला आले.

आषाढ होता. कशेडी घाटात दरड कोसळून रस्ता बंद, म्हणून खेडकडून एकही एसटी येत नव्हती. ट्रकांची रांग थेट आमच्या वाडीखालून पोलादपूरच्या दिशेने लागलेली. त्या ट्रकांच्या कडेकडेने मी चालत निघाले. ड्रायव्हर लोक स्टोव्हवर चपात्या भाजत होते, माझा अवतार बघून कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी त्यांच्याही अंगावर गेले असते. पोलादपूरला महाडची गाडी मिळाली, आणि महाडहून बिरवाडी. आमचे हे तिथल्या एका कारखान्यात लागले होते आणि भाड्याची खोली करून राहत होते.

वाडीत राहिलेल्या माझ्या जावांनो, नणंदांनो, आणि माझ्यासारख्याच खाली उतरलेल्या पोरींनो, सुमनने त्या दिवशी सासूच्या बांगड्या फोडल्या हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगड्या! तोंडाला पदर लावून सांगण्यासारखीच गोष्ट. पण का फोडल्या, हे मला कुणी विचारलं नाही. आता सांगते.

आमच्या घरात पोराला भरवायची एक रीत होती. पोर पायांवर उताणं घालायचं. दुसरीने त्याचे हात धरायचे. मग एका हाताने पोराचं नाक दाबायचं, पोर श्वासासाठी तोंड उघडतं, की पितळेच्या बोंडल्याची चोच आत घालून नाचणीची पेज ओतायची. गिळेपर्यंत नाक सोडायचं नाही. "नाक दाबलं की तोंड उघडतं," सासूबाई म्हणायच्या आणि हसायच्या. लोक ही म्हण बोलण्यात वापरतात, आमच्याकडे ती रोज सकाळ-संध्याकाळ करून दाखवली जायची. शेवटी पोटावर टिचकी मारायची. कलिंगडासारखा आवाज आला तर सोडायचं, नाहीतर आणखी एक बोंडलं.

हात धरायचं काम माझं. वैशी दीड वर्षाची झाली, बोलायला लागली, "नको" म्हणायला लागली, तरी तेच. ती गुटगुटीत होती हे मात्र खरं. साऱ्या वाडीत तसं पोर नव्हतं.

त्या दिवशी पेज श्वासात गेली. वैशी खोकली नाही, रडली नाही, नुसती ताठ झाली. ओठ जांभळे पडले. मी तिला हिसकावून घेतलं, पाय धरून उलटी केली आणि पाठीत बुक्क्या मारल्या. पेज आली, तिच्याबरोबर थोडं रक्त आलं, बोंडल्याची चोच टाळ्याला लागली होती. मग ती रडली. आणि सासूबाई पाय लांब करून म्हणाल्या, "आण इकडं. अर्धं ऱ्हायलंय."

मी त्यांचा हात धरला आणि जात्याच्या पाळीवर आपटला. एकदा नाही. सगळ्या बांगड्या फुटेपर्यंत आपटला. मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही. चुलीवरची पेज मी उकिरड्यावर ओतली आणि निघाले.

बिरवाडीच्या खोलीत ह्यांना सगळं सांगितलं तर ह्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. "माज्या आयशीवर हात टाकलास?" मी हातातला तांब्या फेकून मारला. त्यांच्या भुवईवर खोक पडली. शेजारची कलाबाई, साताऱ्याकडची, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, कपाळ बांधा आधी, मग हाना एकमेकास्नी." असा आमचा संसार बिरवाडीत सुरू झाला.

पण खरं संकट पुढेच होतं. वैशीने खाणं सोडलं. वाटी दिसली की तिचे दात घट्ट मिटायचे. चमचा दिसला की ती मान मागे टाकून किंचाळायची. अंगावरचं दूध तेवढं प्यायची, आणि तेही आता आटत चाललं होतं. मी काय केलं नाही! चहात बिस्किट बुडवून बघितलं. डब्यातलं पावडरचं दूध आणलं, कंपनीतल्या लोकांच्या बायका तेच पाजायच्या. काऊचा घास, चिऊचा घास झाला. मऊ भात केला, गूळ घातला, तूप घातलं. महाडच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते पाजायला गेले तर तिने ड्रॉपरची काचेची नळी दातांनी फोडली आणि ओठ कापून घेतला. मी तिच्या तोंडातून काचा काढत होते आणि ती माझ्या बोटांना चावत होती. त्या दिवशी मी दार लावून भिंतीवर डोकं आपटून रडले.

पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. ह्यांचं डोकं फिरलं. "आयशीजवळ हुती तवा पोर कशी हुती नि आता कशी हाय? रविवारी तिला वर वाडीत नेऊन सोडतो. तू ऱ्हा हितंच." मी म्हणाले, "माझ्या मढ्यावरून न्या." बोलले खरं, पण ह्यांचं खोटं तरी कुठे होतं? पोर डोळ्यांसमोर वाळत होती. वर नेली तर पुन्हा नाक दाबणार, बोंडलं घालणार. इथे ठेवली तर उपाशी मरणार. दोन्हीकडून मीच तिला मारत होते, असं वाटायचं.

रविवार आला. मी भात केला होता आणि सुकट परतलं होतं. हे पिशवी भरून उभे. "वाढ," म्हणाले, "जेवतो आणि निघतो पोरीला घेऊन." मी ताट जमिनीवर आदळलं. ह्यांनी लाथ मारून ते उडवलं. भात, सुकट, आमटी, सगळं जमिनीवर पसरलं. मग आम्ही एकमेकांच्या अंगावर धावलो. ह्यांनी माझे केस धरले, मी ह्यांच्या हाताला चावले, पिशवी फाडली, पोरीची झबली खोलीभर उडाली. आई-बाप, सात पिढ्या, काहीच काढायचं बाकी ठेवलं नाही.

आणि मधेच ह्यांचा आवाज थांबला. माझे केस अजून त्यांच्या मुठीत होते. "सुमे," ते हळू म्हणाले, "तिकडं बघ."

वैशी जमिनीवर बसली होती. एकेक सुकट उचलून तोंडात टाकत होती. मग भाताची मूठ भरली, अर्धी सांडली, अर्धी खाल्ली. चावत होती, गिळत होती, पुन्हा उचलत होती. आमच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. आम्ही दोघं तसेच पुतळ्यासारखे उभे. तिने वर बघितलं, आम्ही बघतोय हे तिला दिसलं, आणि तिचं तोंड पटकन मिटलं.

ह्यांनी लगेच माझे केस ओढले आणि ओरडले, "तुज्या बापानं काय दिलं गो लग्नात?" मीही सूर लावला. वैशीने पुन्हा सुकट उचललं.

आता हसाल, पण पोरींनो, आमची खरोखर समजूत झाली की पोर भांडणात जेवते! ह्यांची शिफ्ट सुटली की मी जमिनीवर ताटली ठेवायची आणि आम्ही सुरू व्हायचं. हे पत्र्याच्या ट्रंकेवर गुद्दे मारायचे. मी लाटणं आपटायची. चाळीतल्या बायका कपाळावर हात मारायच्या. कलाबाई एकदा मध्ये पडायला आली तर हे तिला कुजबुजत म्हणाले, "काकी, पोर जेवतेय, जरा थांबा." ती आम्हाला वेडे समजून निघून गेली.

खोटं भांडण मात्र खोटं राहत नाही. आग पेटवली की ती काय काय जाळायचं ते विचारत नाही. एकदा मी ओरडले, "तुमच्या आईने माझी पोर मारली असती!" ह्यांचा चेहराच बदलला. त्यांनी ट्रंकेवर उगारलेली मूठ माझ्या खांद्यात घातली, खरीखुरी. मी कोलमडून स्टोव्हवर पडले, हात भाजला. मग दोघांचंही भांडण संपलं. मी भिंतीकडे तोंड करून हातावर पाणी ओतत राहिले, हे दाराबाहेर तोंड करून बसले. थोड्या वेळाने मागे वळले तर वैशीची ताटली रिकामी.

भांडण तिला नकोच होतं. तिला आमचे डोळे नको होते, तोंडाकडे येणारा हात नको होता.

त्यानंतर खोलीत एक कायदा झाला. जे आपण खातो तेच तिखट न घालता तिच्यासमोर ठेवायचं, आणि आपण आपलं जेवायचं. भाकरी, कुळथाचं पिठलं, मऊ भात, उकडलेलं रताळं. खाल्लं तर खाल्लं. सरकवलं तर ताटली उचलायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. "अजून एक घास" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी दारातून परत पाठवलंय. अन्नाची नासाडी झाली म्हणून हे चिडायचे, त्यांचा हात उचलला जायचा. मी तो हवेतच धरायची. पोरगी गुटगुटीत झाली नाही, काटक झाली. आज तिला स्वतःची मुलं आहेत. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन कितीही उभा राहो, पोट भरलं की ती हात धुते, आणि भूक लागली की कुणाच्याही घरी "मला वाढा" म्हणते. तिला जेवण्याची लाज नाही आणि भीती नाही.

तुम्ही शिमग्याला फोन करता, म्हणता, वर या, आपलं घर आहे. इथे बिरवाडीत रात्रंदिवस कंपन्यांचा वास, भोंगे, ओव्हरटाईम. तिथे मोकळी हवा, गार पाणी. मला कळतं. पण घर म्हटलं की मला वाडी आठवत नाही, ती भाड्याची खोली आठवते, आणि त्या खोलीतला एक दिवस.

त्याच वर्षी, भात झोडून झाल्यावरचे दिवस होते. हे मला न सांगता सासूबाईंना घेऊन आले. सासूबाई दारात उभ्या, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. मी स्टोव्हपाशी उठून उभी राहिले, हातात उलथणं. आज पोरीला हात लावला तर मनगटावर थांबणार नाही, एवढंच मनात होतं.

वैशी जेवायला बसली होती. तिने आजीला बघितलं. ती रडली नाही, पळाली नाही. तिने एका हाताने आपलं नाक झाकलं आणि दुसऱ्या हाताने तोंड.

सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं नाही, ते त्यांच्या डोक्यावरून पडलं. तांदूळ दारभर झाला. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "ह्याच्या पाठीवर मला एक पोर हुती गो. तुला कुणी सांगितलं नसंल. श्रावणात घरात दाणा नव्हता. ती 'आये, जेवू दे' म्हनायची. म्हनता म्हनता गेली. ती मागत हुती तवा माज्याजवळ नव्हतं. आता हाय, तर ही घेत नाय."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. राग गेला नाही. पण त्या रागाला मारायला समोर कुणी उरलं नाही.

मी त्यांचं ताट वाढलं. म्हणाले, "आत्या, तिच्याकडं बघायचं नाय. एवढंच." त्या उठल्या, ताट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. महिनाभर राहिल्या, रोज तशाच जेवल्या. खोलीतली सगळी माणसं एकीकडे आणि म्हातारी भिंतीला नाक लावून. मी कधी त्यांना वळा म्हटलं नाही.

जायच्या आधीच्या दुपारी वैशी आपली ताटली दोन्ही हातांनी धरून उठली. भात सांडत सांडत गेली आणि भिंत आणि आजी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, आजीच्या तोंडासमोर बसली. आणि जेवायला लागली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि आंधळ्यासारखं ताटात चाचपत आपला घास शोधू लागल्या.