संध्याकाळचं माप

एकोणतीस वर्षं मी प्रसूतिगृहात आया होते. म्हणजे उभीच. मग पायांबद्दल नाही लिहायचं तर कशाबद्दल?

सुरुवातीला चपला चुकीच्याच घेतल्या हो. आमच्याकडे रविवारी मिस्साला जायचं आणि येताना बाजार करून यायचं, तशी चप्पलही तेव्हाच. चर्चमध्ये तासभर बाकावर बसून पाय कसे हलके झालेले. दुकानात चप्पल अश्शी बसायची! आणि सोमवारी दुपारपासून पट्टे मांसात रुतायचे. मी कपाटामागे अनवाणी उभी राहायचे, तर सिस्टर ओरडायची, "बाई, सुई टोचेल एखादी!"

आमचे हे नंदाखालला वाडीत राबायचे, स्वतः कायम अनवाणी. एकदा ड्युटीवरून येऊन मी ओट्यावर टेकले, तर हे खाली बसले आणि माझा पाय उचलून बघायला लागले.

"अहो, शेजारी बघतायत."

"बघू देत. सकाळचा पाय आणि हा पाय एका बाईचे नाहीत गं!"

पानवेली बांधायला केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्या त्यांच्या कमरेला खोचलेल्या असायच्याच. एक तळव्याखाली लांब धरली, एक पंजाभोवती गुंडाळली, दोन्हींना मापाच्या गाठी मारल्या. म्हणाले, "चप्पल घ्यायची ती अशी, दिवसभर उभी राहून झाल्यावर."

मग दर खेपेला संध्याकाळीच जायचं. हे बरोबर असायचेच. पुढे बोटं पसरतील एवढी रुंद, मागे पट्टा, आणि हातात धरून वाकवली तर बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध नाही. दुकानदार हसायचा, "काका स्वतः अनवाणी, आणि परीक्षा माझी!"

हे गेले त्याला चार पावसाळे झाले. त्यांनी वाकवून बघितलेला शेवटचा जोड मी टाकतच नव्हते. तळ झिजून कागद झाला होता. गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरले, तेव्हा सून म्हणाली, "आई, आता पुरे. मलाही घ्यायच्यात." ती विरारला कपड्यांच्या दुकानात लागलीय, दिवसभर उभं काम. रविवारी मिस्सा सुटल्यावर तिनं रिक्षा थांबवलीसुद्धा.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "उद्या, तू कामावरून आलीस की."

सोमवारी मी दिवसभर मुद्दाम उभी राहिले. अंगण झाडलं, झाडांना दोनदा पाणी घातलं, निवडण उभ्यानं केलं. संध्याकाळी सुनेला ओट्यावर बसवून माप घेतलं. चांगलाच सुजला होता तिचा पाय.

"आता तुमचा," ती म्हणाली.

त्यांच्या गाठीची पंजाची जुनी पट्टी मी प्रार्थनेच्या पुस्तकात जपलेली. ती पायाला लावली तर केवढी ढिली! एवढी उभी राहूनही पाय सुजलाच नव्हता. सुकलाय आता.

दुकानात ती पट्टी दिली. दुकानदार म्हणाला, "आजी, मोठी होईल, पडाल." एकदा वाटलं, होऊ दे. पण सून बघत होती. आजच्या पायाची घेतली. जुना जोड तिथेच ठेवला, पट्टी परत आणली.

सून रोज विचारते, "आई, पाय दुखतात का?" गुणाची आहे. मी नाही म्हणते, आणि ती मानते.

हे विचारत नसत. उचलून बघत.